'तोडा' : पायातला, नाचातला आणि बंदुकीचा

गोदाकाठची (पैठण), धागाकर्ती

नमस्कार मंडळी. आमच्या घरात माझ्या आजेसासूबाईंचे चांदीचे तोडे आहेत. दोन्ही मिळून साठ भार, अंगठ्याएवढे जाड, भरीव आणि पिळाचे. निजामाच्या राजवटीत, म्हणजे मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता त्या काळात, हाली रुपये, म्हणजे त्या संस्थानाची चांदीची नाणी, वितळवून ते घडवल्याचे घरात सांगितले जाते. दिवाळीला ते पूजेसाठी बाहेर काढले, तेव्हा माझी नात, जी गेली चार वर्षे कथक शिकते आहे, ते हातात घेऊन म्हणाली, "आजी, आम्ही वर्गात जे तोडे नाचतो, ते नाव यावरूनच आले ना? आम्हाला तसेच शिकवले आहे." मी होकार दिला आणि ती आनंदाने उठून गेली.

तिला दिलेला तो होकार मला तेव्हापासून बोचतो आहे. तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले आणि शब्दाची व्युत्पत्ती विचारली की आधी पुरावा मागावा, असे मुलांना सांगत आले, आणि स्वतःच्या नातीला मात्र काहीही न पडताळता 'हो' म्हणून मोकळी झाले. ही चूक निस्तरण्यासाठी हा धागा काढते आहे.

माझ्यापुढचा प्रश्न असा आहे. मराठीत 'तोडा' म्हणजे हातापायांतला जाड दागिना. कथकात 'तोडा' म्हणजे बोलांची, म्हणजे तालात म्हणायच्या अक्षरांची, एक बांधलेली रचना. शिवाय जुन्या बखरींत आणि गडकोटांच्या गोष्टींत 'तोड्याची बंदूक' येते, तो तोडा म्हणजे बत्ती. हे तीन अर्थ एकाच शब्दाचे आहेत, की एकाच उच्चाराचे दोन-तीन वेगळे शब्द शेजारी येऊन बसले आहेत? माझी शंका एवढ्यावरून सुरू होते की कथक करणाऱ्या मुलींच्या पायांत घुंगरू असतात, तोडे नसतात. ज्या नाचात हा दागिना घातलाच जात नाही, त्या नाचातल्या रचनेला त्याचे नाव कशाला पडावे? आपल्याकडे सीमाभागातली कानडी जाणणारी मंडळी आहेत, नृत्य शिकवणारी आहेत, सराफीतलीही आहेत. कृपया ऐकीव कथांपेक्षा शब्दाच्या वापराचे दाखले द्यावेत, ही विनंती.

नृत्यसाधिका (नांदेड)

ताई, आपल्या नातीला जे सांगितले गेले ते मीही विद्यार्थिदशेत ऐकले होते आणि काही वर्षे माझ्या विद्यार्थिनींनाही सांगितले. आता सांगत नाही. कारण लिहिते.

कथकात तोडा म्हणजे तालाच्या आवर्तनांत बसवलेली नृत्ताची छोटी, स्वयंपूर्ण रचना. ती आधी तोंडाने म्हटली जाते, याला आम्ही पढंत म्हणतो, आणि मग पायांनी व अंगाने केली जाते. तिचा शेवट बहुतेक वेळा तिहाईने, म्हणजे एकच बोल सलग तीनदा घेऊन, होतो आणि तिहाईचे शेवटचे अक्षर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडते. सोळा मात्रांच्या तीनतालातले सर्वांत साधे उदाहरण पाहा. 'तिगदा दिगदिग थेई' हा तीन मात्रांचा बोल नवव्या मात्रेपासून सलग तीनदा घेतला, तर पहिली 'थेई' अकराव्या मात्रेवर, दुसरी चौदाव्यावर आणि तिसरी सोळावी मात्रा संपून बरोबर समेवर येते. नर्तकी तेथे थांबते. पुढचा तोडा पुन्हा नव्याने उभा राहतो. तबल्याचा ठेका आणि नगमा, म्हणजे साथीला फिरून फिरून वाजणारी धून, अखंड चालू असतो, पण नाच मात्र एकेका तुकड्याने पुढे जातो.

'तुकडा' हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण कथकात 'टुकडा' ही संज्ञाही आहे आणि ती तोड्याच्या अगदी लगत वापरली जाते. काही गुरू दोन्हींत बोलांच्या जातीवरून भेद करतात, तोड्यात नृत्याचे बोल आणि टुकड्यात तबल्याचे बोल अधिक, असे सांगतात, तर काही दोन्ही शब्द एकाच अर्थाने घेतात. ज्या परंपरेने एका रचनेला टुकडा म्हटले, तिनेच तिच्या जुळ्या भावंडाला तोडा म्हटले असेल, तर तेथे 'तोडणे' हे क्रियापद अधिक जवळचे वाटते. पूर्ण तोडा तिहाईसकट तीनदा घेतला की त्याला चक्रदार तोडा म्हणतात. पायातल्या कड्याशी या कशाचाही संबंध येत नाही.

मात्र दुसऱ्या बाजूचा एक दाखला लपवणे योग्य होणार नाही. पायांच्या कामातल्या एका प्रकाराला आम्ही 'लडी' म्हणतो, आणि लडी म्हणजे माळेचा सर, पदर. तेव्हा दागिन्यांकडून नाव घेण्याची वाट नृत्याला अगदीच अनोळखी आहे, असे मी म्हणू शकत नाही.

सतारीचा विद्यार्थी (छत्रपती संभाजीनगर)

वरच्या प्रतिसादाला वाद्यसंगीतातून पुष्टी मिळते. सतारीवर 'गत-तोडा' हा जोडशब्द रूढ आहे. मसीतखानी (संथ) किंवा रजाखानी (जलद) गत, म्हणजे तालात बांधलेली धून, वाजवत असताना वादक मध्येच गत सोडून स्वरांची एक बांधीव फिरत घेतो आणि पुन्हा गतीच्या मुखड्यावर येऊन मिळतो. त्या फिरतीला तोडा म्हणतात. येथे पाय नाही, घुंगरू नाही, दागिना नाही. चालू असलेली गत तेवढ्यापुरती तोडली जाते आणि पुन्हा सांधली जाते, एवढाच व्यवहार आहे. नृत्यातला तोडा पायातल्या दागिन्यावरून आला असे मानले, तर सतारीच्या तोड्यासाठी पुन्हा वेगळी कथा रचावी लागेल.

उदगीरकर

गोदाकाठच्या ताईंनी सीमाभागाची आठवण काढली म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आमच्या उदगीर, देवणी, निलंगा या पट्ट्यात मांजरेच्या अलीकडे-पलीकडे मराठी आणि कानडी एकाच ओट्यावर बोलल्या जातात. माझी आजी बिदरकडची. ती लग्नाच्या याद्या करताना 'उडिगे-तोडिगे' असा जोडशब्द वापरत असे. उडिगे म्हणजे नेसायचे वस्त्र आणि तोडिगे म्हणजे अंगावर घालायचे, म्हणजे अंगरखे आणि दागदागिने. कानडीत 'उडु' म्हणजे नेसणे आणि 'तोडु' म्हणजे अंगात घालणे, लेणे. 'तोडवु' हा दागिन्याला जुना कानडी शब्द आहे. तमिळमध्ये प्राचीन संघकाव्यापासून 'तोडि' म्हणजे हातातले कडे.

याहून महत्त्वाचा शब्द म्हणजे कानडी 'तोडर'. त्याचे अर्थ साखळी, बेडी, आणि वीराने बिरुद म्हणून पायात घालायचे कडे. ताई, आपण मराठीच्या शिक्षिका आहात, तेव्हा हा शब्द आपल्या डोळ्यांखालून नक्की गेला असेल, कारण जुन्या मराठी कवितेत 'ब्रीदाचा तोडर' वारंवार येतो. देवाने भक्तांना तारण्याचे ब्रीद घेतले आहे आणि त्या ब्रीदाचा तोडर त्याच्या पायात आहे, ही कल्पना आपल्या कीर्तनांतही टिकून आहे. ब्रीद म्हणजे बिरुद, आणि बिरुद पायात बांधण्याची पद्धत दक्षिणेतल्या राजदरबारांत चांगली रुजलेली होती. शब्द, दागिना आणि त्यामागचा मान, तिन्ही एकत्र आले आहेत, असे मला ठामपणे वाटते.

हे येथे कसे आले असेल, यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. वेरूळचे कैलास लेणे ज्यांच्या काळात कोरले गेले त्या राष्ट्रकूटांची राजधानी पुढे मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातले मळखेड, येथे होती. त्यांच्यापैकी अमोघवर्षाच्या दरबारात नवव्या शतकात रचलेल्या 'कविराजमार्ग' या ग्रंथात कानडी भाषेचा प्रदेश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. गोदावरीपर्यंत, म्हणजे आपल्या पैठण-नांदेडच्या काठापर्यंत. त्यानंतर कल्याणीचे चालुक्य आले, आणि नांदेड जिल्ह्यातल्या होट्टलला त्यांच्या काळातले कानडी शिलालेख आजही आहेत. तूप, अडकित्ता, अक्का, अण्णा हे शब्द ज्या वाटेने आपल्या घरात आले, त्याच वाटेने पायातला तोडर आला असेल तर त्यात नवल वाटू नये.

शब्दार्थी (परभणी)

उदगीरकरांचा प्रतिसाद वाचनीय आहे, पण मला तो पटला नाही. संस्कृत 'त्रुट्' या धातूपासून 'तुटणे' आले आणि त्याच्या प्रयोजक 'त्रोटयति' या रूपापासून प्राकृत 'तोडइ' आणि मराठी 'तोडणे'. हे सर्वमान्य आहे. सोन्याचांदीच्या लगडीतून तोडून घेतलेला तुकडा वाकवून जो दागिना केला तो तोडा, असे सरळ म्हणता येत असताना आपण कावेरीपर्यंत कशासाठी जावे? शिवाय दागिन्याच्या अर्थाने 'तोडा' हा शब्द हिंदीतही आहे, आणि हिंदी तर मांजरेच्या काठावर वाढलेली नाही.

उदगीरकर

आपला आक्षेप रास्त आहे, म्हणून दोन मुद्दे मांडतो.

पहिला मुद्दा 'र'चा. दागिना तोडण्यावरून आला असेल, तर 'तोडर' मधला 'र' कोठून आला? 'तोडणे' या क्रियापदाला 'र' लावून वस्तूचे नाव करण्याची रीत मराठीत नाही. उलट 'तोडर' हा मूळ शब्द धरला, तर बोलण्यात शेवटचा 'र' गळून आणि पुल्लिंगी 'आ' लागून 'तोडा' होणे सहज समजते. आणि तो 'र' सर्वत्र गळलेलाही नाही. आपल्या आज्या पायांत 'तोरड्या' घालत. तोडर, तोडरी, तोरडी : येथे 'ड' आणि 'र' यांनी फक्त जागा बदलल्या आहेत. नुकसानाचे नुसकान आणि लखनौचे नखलौ करणाऱ्या आपल्या जिभेला यात काहीच अवघड नाही.

दुसरा मुद्दा हिंदीचा. हिंदीत दागिना म्हणून 'तोड़ा' याचा अर्थ पाहिला, तर तेथे तो लच्छेदार, रुंद साखळी असा दिला जातो. तुकडा नव्हे, साखळी. कानडी 'तोडर'चा पहिला अर्थही साखळी. तोडलेल्या वस्तूला साखळीचे नाव देणे हा उलटा प्रवास ठरेल, कारण साखळी म्हणजे जोडलेली वस्तू.

एकाच उच्चाराखाली दोन कुळांचे शब्द नांदणे मराठीला नवे नाही. जात्यावर पडते ते पीठ संस्कृत 'पिष्ट' वरून आले आणि तुळजापूरला आहे ते पीठ संस्कृतात आधीपासून 'पीठ'च, म्हणजे आसन. ते दोन्ही आपण रोज बोलतो आणि त्यांच्यात नाते शोधत नाही. तोड्याचेही तसेच असावे. नाचातला आणि सतारीतला तोडा उत्तरेतून, 'तोडणे'च्या घरातून आला, आणि पायातला तोडा दक्षिणेतून, 'तोडर'च्या घरातून. आपल्या मराठवाड्यात दोघांची गाठ पडली.

गोदाकाठची (पैठण)

उदगीरकर, 'तोरड्या' वाचून मी क्षणभर थांबले. हा शब्द मी लहानपणापासून बोलत आले आणि 'तोडर' तितकीच वर्षे शिकवत आले, पण दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

तरीही माझ्या पहिल्या शंकेला आता मलाच छेद द्यावा लागतो आहे, आणि तो न देणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी म्हटले होते की नाचात तोडे घालत नाहीत, घुंगरू घालतात. पण जुन्या काव्यातला तोडर नुसता पायात असत नाही, तो वाजतो, गर्जतो. म्हणजे त्या काळी हा दागिना नादाचा असावा. घोट्यावर वाजणारा दागिना म्हटला की तो नाचाच्या उंबरठ्यापर्यंत येतोच.

आपल्या भाषेत पायातल्या नादाचे शब्द केवढे आहेत, ते यानिमित्ताने आठवले. संस्कृत 'नूपुर' प्राकृतात 'णेउर' झाले, आणि ही माहाराष्ट्री प्राकृत आमच्या पैठणच्या सातवाहनांच्या दरबारात काव्याची भाषा होती. गणपतीच्या आरतीत 'रुणझुणती नूपुरें चरणीं घागरिया' ही ओळ आपण दरवर्षी म्हणतो. ती लिहिणारे समर्थ रामदास जालना जिल्ह्यातल्या जांबचे. त्या एका ओळीत नूपुर वेगळे आणि घागरिया वेगळ्या आहेत. नूपुर म्हणजे घोट्यातले वळे, आणि घागऱ्या म्हणजे आत खडा असलेल्या, हलताच वाजणाऱ्या बारीक गोलाकार घंटा, ज्या आपण बैलांच्या गळ्यातही पाहतो. आरतीत 'रुणझुणती' हे क्रियापद दोन्हींना लागू होते. तोडर मात्र रुणझुणत नाही, गर्जतो. आवाजाच्या या फरकात मला काहीतरी दडलेले दिसते. रुणझुण ही नाचाची, आणि गर्जना ही ब्रीदाची, युद्धाची. म्हणून तोडर वाजत असला तरी तो नर्तकीच्या पायातला नव्हता, वीराच्या आणि देवाच्या पायातला होता, असे म्हणावेसे वाटते. नृत्यसाधिका ताईंनी यावर लिहावे.

नृत्यसाधिका (नांदेड)

गोदाकाठच्या ताई, आपण केलेला भेद नृत्याच्या बाजूनेही टिकतो. घुंगरांचे काम प्रत्येक आघात वेगळा ऐकू आणण्याचे असते. आम्ही एकेका पायाला शंभर, दीडशे, कधी दोनशे घुंगरू बांधतो ते त्यासाठीच, आणि कसलेला नर्तक त्यातून मोजून एकाच घुंगराचा आवाज काढून दाखवतो. घोट्याभोवती तीस-तीस भाराचे कडे असेल तर द्रुत लयीतली तत्कार, म्हणजे पायांच्या आघातांचे काम, करणे शक्य होणार नाही. लावणीतही पायात चाळ असतो, तोडा नसतो. चाळ बांधणे म्हणजे नाचाला उभे राहणे, एवढा तो शब्द आमच्या व्यवसायाशी एकजीव झाला आहे. 'पायात तोडे घातले' याचा अर्थ मात्र कोणीही 'नाचायला उभी राहिली' असा करणार नाही. त्याचा अर्थ मान, वैभव, सुवासिनीचे लेणे असाच होतो.

लेण्यांचा अभ्यासक (खुलताबाद)

औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात मध्यभागी नाचणारी स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया, असे अप्रतिम शिल्प आहे. कोणी तिकडे जाऊन पायातल्या अलंकाराचे छायाचित्र येथे पुरावा म्हणून लावण्याआधी एक सांगून ठेवतो. शिल्पात दागिन्याचा आकार कळतो, त्याचे नाव कळत नाही. वेरूळच्या मूर्तींच्या घोट्यांवरची जाड वळी पाहून 'हेच तोडे' म्हणण्याचा मोह मलाही होतो, पण तो शब्द आपण आजच्या भाषेतून त्या पायांत घालत असतो. या धाग्याचा विषय शब्द आहे, म्हणून शिल्पे येथे साक्षीला आणू नयेत.

गडवाटा (परंडा)

बंदुकीच्या तोड्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. परंडा आणि नळदुर्ग पाहायला येणाऱ्यांना मी बरीच वर्षे माहिती सांगत आलो आहे.

चापाची बंदूक येण्याआधीची बंदूक बत्तीने उडत असे. सुताची दोरी घट्ट वळून सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवली की ती ज्योत न धरता सावकाश धुमसत राहते. हाच तोडा, याला जामगीही म्हणत. बंदुकीच्या बाजूला एक वाकडा लोखंडी चिमटा असे, त्यात तोड्याचे पेटते टोक अडकवत, आणि कळ ओढली की ते टोक रंजकेवर, म्हणजे बंदुकीच्या कानाजवळ (नळीच्या छिद्राजवळ) ठेवलेल्या बारीक दारूवर, जाऊन टेकत असे. पावसात तोडा विझला की बंदूक म्हणजे नुसती काठी. शिपाई तोड्याचे वेटोळे मनगटाला किंवा कमरेला गुंडाळून ठेवत.

उदगीरकरांनी साखळी हा अर्थ सांगितला आणि मला एकदम उलगडा झाल्यासारखे वाटले. बंदुकीचा तोडा हा तुकडा नाही, ती वळलेली दोरी आहे. दागिन्याचा तोडाही वळलेला, पिळाचा. दोघांत समान आहे तो पीळ. मला हे दोन तोडे एकाच शब्दाचे वाटतात आणि नाचातला तोडा वेगळा वाटतो.

जालन्याचा कारागीर

मी तीन पिढ्यांच्या चांदीकामातला आहे, भाषेचा अभ्यासक नाही. पण पिळाचा विषय निघाला म्हणून आमच्या कामात तोडा कशाला म्हणतात ते सांगतो.

कडे, वाळा आणि तोडा हे तीन वेगळे जिन्नस आहेत. कडे म्हणजे एकसंध गोल सळई वाकवलेली. वाळा म्हणजे बारीक, तान्ह्या मुलांच्या हातापायांतला. तोडा मात्र अंगाने घडवावा लागतो. जुन्या पद्धतीत चांदीची तार ओढून तिचे पदर एकमेकांत गुंफून किंवा वळून दोर करत आणि तो दोर ठोकून घट्ट बसवत. अशा तोड्याला थोडी लवचीकता असते, तो पायात घालताना उघडतो आणि पेच लावला की बसतो. नंतरच्या काळात वेळ आणि मजुरी वाचवण्यासाठी भरीव ओतीव तोडे होऊ लागले, पण गिऱ्हाइकाला पीळ दिसायलाच हवा असे, म्हणून साच्यातच पिळाच्या खाचा काढत किंवा नंतर कानस लावून कोरत. पीळ नसलेला तोडा दाखवला तर म्हाताऱ्या बाया "हे कडे आहे, तोडे दाखव" असे म्हणत, हे मी माझ्या वडिलांच्या शेजारी बसून अनेकदा ऐकले आहे.

सोन्याचे तोडे हातातच घालतात, पाटल्या-बांगड्यांच्या सोबत. पायात सोने घालू नये ही रूढी आमच्याकडे आजही पाळली जाते. शाहिराला, पहिलवानाला बक्षीस म्हणून सोन्याचा तोडा देत असत तोही हातातलाच.

बीडचा शिक्षक

मी व्युत्पत्तीत भर घालू शकत नाही, पण या शब्दाचा एक वापर येथे नोंदला जावा असे वाटते. आमच्या जिल्ह्यात 'तोड' म्हटले की उसाची तोड. दिवाळी झाली की टोळ्या कारखान्याकडे निघतात आणि घराघरांत 'तोडीला गेले' एवढेच उत्तर मिळते. या 'तोडी'च्या शेजारी आमच्या बोलीत 'तोडे मोडणे' हा प्रयोग आहे, आणि त्यात तोडणे नाही, मोडणे आहे. दागिना विकून, वितळवून पैसा उभा केला की तो 'मोडला' म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात माझ्या आईने तोडे मोडले. खडी फोडायच्या कामावर जाण्याआधीचा तो शेवटचा आधार होता. ती वारेपर्यंत सांगत असे, "तोडे मोडले आन् जवारी आणली." तिने एकदाही 'तोडे तोडले' म्हटले नाही, आणि ते वाक्य तिच्या तोंडी शोभलेही नसते. शब्दार्थी सर म्हणतात तसे हे दोन शब्द एकाच घरातले असतील, तर बोलणाऱ्या बायकांच्या कानाला ते नाते जाणवत नव्हते, एवढे मात्र मी सांगू शकतो.

शब्दार्थी (परभणी)

बीडच्या सरांचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही.

माझे मत मी बदलतो आहे. 'तोडर' मधल्या 'र'ला माझ्याकडे उत्तर नाही, आणि कारागीर दादांनी सांगितलेला पीळ हा तुकड्याच्या अर्थाशी जुळत नाही. नाचातला तोडा 'तोडणे'पासून, याविषयी तर आपल्यात आधीपासूनच दुमत नव्हते. फक्त एक विनंती करतो. हिंदीतली रुपयांची थैली, जिला 'तोड़ा' म्हणत आणि जिच्यात हजार रुपये मावत, तिला कोणत्या घरात बसवायचे हे अजून कोणी सांगितलेले नाही. तिच्याकडे दुर्लक्ष होऊ नये.

गडवाटा (परंडा)

थैलीचे तोंड दोरीनेच आवळतात, सर. माझ्या मते तीही पिळाच्याच घरातली. पण येथे माझ्याकडे तर्कापलीकडे काही नाही.

गोदाकाठची (पैठण)

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी नातीला जवळ बसवले आणि तिला सांगितले की मी तुला घाईने होकार दिला होता, तो चुकीचा होता. तू नाचतेस तो तोडा आणि हा तोडा, यांचे नाव एक आहे, घर एक नाही. ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "पण मग बाईंना काय सांगू?" मी म्हटले, बाईंना काहीही सांगू नकोस, त्यांना हा धागा वाचायला दे.

त्यानंतर आम्ही दोघींनी खिडकीशी बसून भिंगाखाली ते तोडे पाहिले. कारागीर दादा, आपण म्हणता ते खरे आहे. आमचे तोडे ओतीव, भरीव आहेत, त्यात तार कोठेच नाही, तरी ज्याने ते घडवले त्याने तीन पदरांचा दोर वळल्यासारखा पीळ शेवटपर्यंत कोरला आहे, अगदी पेचाच्या खाली, जेथे तो कोणाला दिसणारही नाही तेथेसुद्धा. बाहेरच्या बाजूला पदर वेगवेगळे मोजता येतात. आतल्या बाजूला, जेथे घोटा लागतो, तेथे पीळ झिजून सपाट झाला आहे, आणि उजव्या तोड्याचा डाव्याहून अधिक. नातीने त्यावर बोट फिरवत 'तिगदा दिगदिग थेई' हळू आवाजात तीनदा म्हटले.

जालन्याचा कारागीर

ताई, एक सांगायचे राहिले. ते तोडे कोणाकडेही उजळायला देऊ नका. मशीनवर पॉलिश केले की बाहेरचे पदरही आतल्यासारखे सपाट होतील. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून मऊ फडक्याने पुसले की पुरे.